जुलाब लागलेत म्हणून बाळाचं खाणं बंद करू नका

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या मेसेजेसचा विषय ठरलेला असतो, लहान मुलांचे जुलाब. यावेळी इतके आले की दुसरं काही घ्यायला जागाच उरली नाही, म्हणून हा महिना पूर्ण यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. परवापासून पातळ शी होतेय, दिवसातून सात-आठ वेळा. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक लिहून दिलंय. पण सासूबाई म्हणतात पोटाला आराम द्या, दोन दिवस काही घालू नका, साबुदाण्याचं पाणी आणि कोरा चहा बास, नाहीतर जेवढं वरून जाईल तेवढं खालून येईल. आणि खरंच, काही भरवलं की लगेच शी होते. पोर भाताचं ताट बघून हात पुढे करते आणि आम्ही देत नाही, मला बघवत नाहीये. काय करू?
(एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, आधी तिला भात द्या, मग पुढचं वाचा. भूक लागलेलं मूल स्वतःहून हात पुढे करतंय यासारखी चांगली खूण नाही.

आता ते "खाल्लं की लगेच शी" याबद्दल, कारण सगळी भीती तिथूनच येते. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, तुमचं माझंपण हलतं, म्हणून तर कितीतरी जणांना सकाळी चहा-नाश्ता झाला की जावं लागतं. जुलाबात आतडं आधीच चिडलेलं असतं म्हणून ते लगेच दिसतं एवढंच. ती जी शी होते ती आत आधीच साठलेली असते, तुम्ही पाच मिनिटांपूर्वी भरवलेला भात नव्हे, तो तर अजून जठरातसुद्धा नीट मिसळलेला नसतो. त्यामुळे "दिलेलं सगळं वाया गेलं" असं समजू नका. जुलाब चालू असतानाही आतडं खाल्ल्यापैकी निम्म्याहून जास्त पोषण शोषून घेतं, हे डॉक्टरांनी मोजून बघितलेलं आहे.

आणि आराम म्हणाल तर आतड्याला उपाशी राहून आराम मिळत नाही. आतड्याच्या आतलं अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत पूर्ण नवीन होतं, जंतूंनी खराब केलेल्या पेशी गळून जातात आणि नव्या येतात, आणि त्या नव्या पेशींना वाढायला समोरून येणारं अन्नच लागतं. अन्न बंद केलं की अस्तर पातळ राहतं, बरं व्हायला जास्त दिवस लागतात, तोपर्यंत वजन उतरतं, आणि वजन उतरलेल्या मुलाला पुढचा आजार लवकर गाठतो आणि तो जास्त दिवस टिकतो. मी दवाखान्यात जी खरोखर खंगलेली मुलं बघते ना, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट विचारली तर एका मोठ्या आजाराची नसते, तीन-चार वेळा जुलाब झाले आणि प्रत्येक वेळी आठवडाभर पातळ पाण्यावर ठेवलं, अशी असते. म्हणून मला या विषयावर शांत बसवत नाही.

साबुदाण्याच्या पाण्यात थोडा स्टार्च सोडला तर काही नाही, प्रोटीन जवळपास शून्य. कोऱ्या चहात तर साखर आणि कॅफिन, दीड वर्षाच्या मुलीला त्याचं काही काम नाही. त्यापेक्षा घरात रोज शिजतं तेच मऊ करून द्या. मुगाच्या डाळीची गुरगुट्या खिचडी, वरण-भात, मेतकूट-भात, तुमच्याकडे ज्वारीच्या कण्या असतील तर त्या ताकात शिजवून, भाकरी वरणात कुस्करून, पिकलेलं केळं चमच्याने मॅश करून, दही, उकडलेला बटाटा, अंडं खात असाल तर उकडलेलं अंडंसुद्धा चालतं. आणि खिचडीवर एक छोटा चमचा तेल किंवा तूप घाला, हे लोकांना पटतच नाही, जुलाबात तेल? पण हो, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते, कारण मूल जेमतेम चार घास खाणार असेल तर त्या चार घासांत ताकद जास्त जायला पाहिजे. तळलेलं, तिखट आणि खूप गोड मात्र सध्या नको.

एकदम वाटीभर द्यायला जाऊ नका. दर दोन-अडीच तासांनी थोडं, दिवसभरात सहा वेळा तरी. पहिल्या दिवशी ती खाणार नाही कदाचित, तोंड फिरवेल, जबरदस्ती केली तर उलटी करेल, मग तुम्ही म्हणाल पचत नाहीये. दोन चमचे खाल्ले, ठीक, अर्ध्या तासाने परत विचारा. अंगावर पीत असेल तर जितक्या वेळा मागेल तितक्या वेळा पाजा, रात्रीसुद्धा. फक्त एक अपवाद. शरीरातलं पाणी बरंच कमी झालं असेल, म्हणजे डोळे खोल, तोंड कोरडं, पाण्यावर तुटून पडतेय, तर आधी दवाखान्यात न्या, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार तास ओआरएस देऊन पाणी भरून काढतात आणि मग जेवण सुरू करतात, त्या चार तासांतही अंगावरचं दूध चालूच असतं.

सासूबाईंशी भांडू नका. त्या तरुण होत्या तेव्हा डॉक्टरच सांगायचे की चोवीस तास पोट रिकामं ठेवा, नंतर पातळ दूध, मग घट्ट. त्यांनी ऐकलं ते त्या सांगतायत, नातीच्या काळजीनेच सांगतायत. त्यांनाच खिचडी करायला सांगा ना, त्यांच्या हातची ती खाईल.

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा. काल दिवसभर जुलाब झाले, आज बघितलं तर टाळू खोल गेलीय. आमच्याकडे टाळू बसली की तेल घालून वर उचलतात, आणि जायफळ मधात उगाळून चाटवतात. सून म्हणते काही करू नका. आमची मुलं याच्यावरच वाढली.
(आजी, राजापूर)

उत्तर : आजी, तुमची नजर अगदी बरोबर आहे, टाळू खोल गेलेली तुम्ही ओळखलीत, आणि कितीतरी तरुण आईवडिलांच्या हे लक्षातच येत नाही. पण ती सरकलेली किंवा बसलेली नसते. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं की डोक्यातल्या मऊ जागेवरचा ताण कमी होतो आणि तिथे खळगा दिसतो. पाणी भरलं की ती आपोआप वर येते, तेल लावून किंवा तोंडात बोट घालून टाळा दाबून येत नाही, त्याने उलट बाळाला उलटी होते, जखम होते. टाळू खोल दिसली म्हणजे त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवायचं, आणि जाईपर्यंत चमच्या-चमच्याने ओआरएस आणि आईचं दूध.

जायफळाबद्दल हात जोडून सांगते, देऊ नका. जास्त गेलं तर बाळाला गुंगी येते, आणि गुंगीत बाळ दूध ओढत नाही, आपल्याला वाटतं शांत झोपलंय. ते जुलाबाने गळून गेलंय की जायफळाने झोपलंय हे मग डॉक्टरांनाही पटकन कळत नाही. मध तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठल्याच कारणाने नको, त्यातून क्वचित एक फार वाईट विषबाधा होऊ शकते. तुमच्याकडची उकड्या तांदळाची पेज मात्र जरूर द्या, घट्टसर, चिमूटभर मीठ, वर थोडं साजूक तूप, ती त्याच्यासाठी खरंच चांगली आहे.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे, पावडरचं ओआरएस तोंडात धरत नाही, थुंकतो. मेडिकलमध्ये छोट्या बॉक्समध्ये सफरचंद, संत्रं अशा फ्लेवरमध्ये मिळतं ते आवडीने पितो. तेच दिलं तर काय बिघडतं, नावातच ओआरएस होतं की.
(बाबा, पिंपरी)

उत्तर : बिघडतं. साखर जास्त झाली की ती आतड्यात पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात. खऱ्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे १०० मिलीला दीड ग्रॅमसुद्धा नाही. तुमच्या बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात १०० मिलीला किती साखर लिहिलीय ते वाचा आणि स्वतःच तुलना करा. याच कारणासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कित्येक वर्षं लावून धरलेली लढाई होती. घरात जुना बॉक्स पडला असेल तर तो जुलाबात वापरू नका. फ्रूट ज्यूस, कोल्ड्रिंक, ग्लुकोज पावडरचं पाणी, यांचंही तेच.

ओआरएस साधं मीठ-साखरेचं पाणी वाटतं पण त्यातलं प्रमाण हीच सगळी गंमत आहे. आतड्याच्या पेशीत मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, आणि जुलाबातसुद्धा ही वाट उघडी राहते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालच्या सीमेवर बनगावला निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी बनवून सरळ नातेवाईकांच्या हातात दिलं, पाजा म्हणाले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं २०२३ साली, एवढ्या मोठ्या कामाला फार उशिरा.

आता थुंकतो त्याचं. पॅकेट कसं बनवता ते एकदा तपासा, कारण मला भेटणारे निम्मे लोक चुकीचं बनवतात. मोठं पॅकेट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलीचं, दोन्ही बाजारात मिळतात आणि दिसायला सारखीच. मोठ्या पॅकेटमधली थोडी पावडर ग्लासात टाकून ढवळली की ते खारट होतं, मूल थुंकणारच, आणि असं दाट पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढून झटकेसुद्धा येऊ शकतात. पूर्ण पॅकेट एकदम, पॅकेटवर लिहिलंय तेवढ्या पाण्यात, पाणी उकळून गार केलेलं, वर साखर घालायची नाही, दुधात किंवा ज्यूसमध्ये कालवायचं नाही, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. चव घेऊन बघा, अश्रूंपेक्षा जास्त खारट लागता कामा नये. थोडं गार करून दिलं तर बरीच मुलं पितात. बाटलीने नको, वाटी-चमच्याने. तीन वर्षांच्या मुलाला प्रत्येक पातळ शी झाल्यावर १०० ते २०० मिली, दोन वर्षांच्या आतल्याला ५० ते १००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा, हळू, घड्याळ समोर ठेवून. कंटाळवाणं काम आहे, एकाने थकल्यावर दुसऱ्याने बसायचं.

अजिबातच घेत नसेल आणि मूल खेळतंय, लघवी नीट होतेय, तर ताकात मीठ घालून, डाळीचं पाणी मीठ घालून, भाताची पेज, हे चालेल. पॅकेट मिळेपर्यंत घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, अंदाजाने नको.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाला जुलाब आहेत. शेजारच्या म्हणतात दूध पूर्ण बंद कर, डबल पाणी घालून दे. मी अंगावर पाजते आणि एक वेळ गाईचं दूध देते.

उत्तर : अंगावरचं बिलकुल बंद करायचं नाही, उलट वाढवायचं. गाईच्या दुधात पाणी घालून बाळाला फक्त कमी जेवण मिळतं, फायदा काही होत नाही. नुसतं दूध पाजण्यापेक्षा ते खिमटीत किंवा नाचणीच्या सत्वात शिजवून द्या, किंवा विरजून दही द्या, विरजल्यावर दुधातली साखर थोडी कमी होते, म्हणून ते सोसतं. काही मुलांना जुलाबात दूधसाखर, म्हणजे लॅक्टोज, काही दिवस पचत नाही हे खरं आहे, फेसाळ, आंबट वासाची शी, भसाभस होते, बाहेरचं दूध दिलं की वाढते, ढुंगण लालभडक होतं. तसं दिसलं तर डॉक्टरांना विचारून आठ-दहा दिवस बाहेरचं दूध थांबवता येतं. पण हे थोड्या मुलांचं असतं, सगळ्यांचं दूध तोडायची गरज नाही, आणि पहिल्याच दिवशी महागडा लॅक्टोज-फ्री डबा आणायची तर मुळीच नाही.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं, फक्त अंगावर. दिवसातून आठ-नऊ वेळा शी करतं, पिता पिताच करतं. जुलाब आहेत का? पाणी देऊ का?

उत्तर : पिवळी, दह्याच्या कवड्यांसारखी, पातळ शी, बाळ छान पितंय, लघवी दिवसातून सहा-सात वेळा होतेय, वजन वाढतंय, तर हे जुलाब नाहीत, अंगावर पिणाऱ्या बाळाचं असंच असतं. पाणी, ग्राइप वॉटर, गुटी काही नको. अचानक शी नेहमीपेक्षा एकदम पाण्यासारखी झाली, रक्त दिसलं, बाळ गरम लागतंय किंवा पिणं कमी केलं, तर मात्र घरी वाट बघायची नाही, इतक्या लहान बाळाला त्याच दिवशी दाखवा, आणि पाजत राहा.

प्रश्न : जुलाब थांबवायची गोळी मोठ्यांना देतात तीच छोटी करून दिली तर? आणि झिंक दोन दिवसांत जुलाब थांबल्यावर बंद केलं, चाललं ना?

उत्तर : ती गोळी लहान मुलाला अजिबात नको. तिने आतड्याची हालचाल मंदावते, घाण आतच राहते, पोट फुगतं, मूल गुंगतं, जिवावर बेतू शकतं. अँटिबायोटिकही रक्ताची शी, कॉलरा अशा ठरावीक वेळीच लागतं, बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात आणि पाच-सात दिवसांत आपले आपण थांबतात.

झिंक परत सुरू करा आणि पूर्ण १४ दिवस द्या. सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, म्हणजे अर्धी गोळी. चमच्यात आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घेऊन गोळी त्यात टाकायची, थोड्या वेळात विरघळते. धातूसारखी चव असते म्हणून एखाद वेळी ओकतील, घाबरू नका. जुलाब थांबल्यावर पुढचे दिवस द्यायचं ते पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत होऊ नयेत म्हणून. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक फुकट मिळतं.

प्रश्न : रात्री-बेरात्री कधी निघायचं, कधी सकाळपर्यंत थांबायचं?

उत्तर : मूल गळून पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही, ओआरएस किंवा दूध घेतच नाही, घेतलेलं सगळं ओकतंय, सहा तासांत लघवी नाही, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, शीत रक्त, झटके, पोट फुगून टणक, यातलं एक जरी दिसलं तरी तेव्हाच निघा. कुपोषित मूल असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं, तर याच्याही आधी. निघताना ओआरएस बनवून सोबत घ्या आणि शुद्धीत असेल, गिळत असेल तर गाडीत बसून पाजत जा.

प्रश्न : मी आशा आहे. आमच्या पाड्यांवर जुलाब थांबतात पण मूल आधीसारखं होत नाही, हातपाय बारीकच राहतात. जुलाब थांबल्यावर आईला काय सांगायचं?
(धडगाव तालुका)

उत्तर : तुम्ही विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे, कारण जुलाब थांबले की सगळ्यांचं लक्ष सुटतं आणि खरी भरपाई तेव्हाच करायची असते. आजारातून उठलेल्या मुलाची भूक दोन-तीन दिवसांत खवळते, त्या वेळी किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायला सांगा. वेगळं काही करायला सांगितलं तर होणार नाही, आई शेतावर जाते, म्हणून जे शिजतं त्यातच सांगा, सकाळची भाकरी डाळीत कुस्करून तेल टाकून, अंगणवाडीचा घरी नेण्याचा आहार त्याच मुलाला, घरातल्या सगळ्यांत वाटून नाही. अंडं मिळत असेल तर अंडं. मूल आईबरोबर शेतावर जात असेल तर डब्यात त्याचं वेगळं बांधून द्यायला सांगा, नाहीतर दुपारपर्यंत ते उपाशीच असतं.

जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले तर तो वेगळा प्रकार, त्याला पाठवायलाच हवं. दोन आठवड्यांनी परत वजन करा आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी लावा, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत आला, म्हणजे पट्टी लाल दाखवली, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर त्याला त्याच आठवड्यात पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा. पाड्यावर लहान बाळं असतील तर रोटाव्हायरसची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिली गेलीय का तेही त्याच फेरीत कार्डावर बघून घ्या, ती पोलिओसारखीच तोंडाने द्यायची असते आणि सरकारी लसीकरणात मोफत आहे.